मॅक, विंडोज की लिनक्स: खुलेपणा आणि मोल तपासायची रीत

‘मॅक बंदिस्त, विंडोज खुलं, लिनक्स फुकट.’ लॅपटॉप घ्यायची वेळ आली की घरात आणि ऑफिसात या तीन वाक्यांवर तासभर वाद होतो. तिन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत, म्हणून वाद कुठेच पोचत नाही. कॉम्प्युटर ही एक वस्तू दिसत असली तरी तो थरांचा बनलेला असतो: खाली हार्डवेअर, त्यावर मशीन सुरू म्हणजे बूट करून देणारं फर्मवेअर, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम, मग ॲप्स, आणि सगळ्यात वर तुमच्या स्वतःच्या फायली. यातला एक थर खुला आणि त्याच्याच शेजारचा कुलूपबंद, हे सर्रास असतं. तेव्हा ‘कोणती कंपनी खुली’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘या मॉडेलचा कोणता थर मला उघडता येतो’ एवढंच विचारा. त्याचं उत्तर दुकानाच्या काउंटरवर वीस मिनिटांत मिळतं.

एकाच कंपनीची दोन तोंडं

थरांचा मुद्दा पटायला दोन जुनी उदाहरणं पुरतात. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने ५१५० हा पीसी आणला. आतला ८०८८ प्रोसेसर इंटेलचा, बाकीचे बरेच भाग बाजारात मिळणारे. टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये सर्किटच्या आकृत्या होत्या आणि बायॉसचा, म्हणजे त्या काळच्या फर्मवेअरचा, पूर्ण कोडही छापलेला होता. कोणीही कार्ड बनवावं आणि स्लॉटमध्ये बसवावं, इतका तो थर मोकळा. पण छापलेला बायॉस वाचायला मोकळा होता, वापरायला नव्हता. त्यावर आयबीएमचा कॉपीराइट होता. कॉम्पॅकने तो कोड न पाहिलेल्या इंजिनियरांकडून, फक्त ‘बायॉसने काय केलं पाहिजे’ एवढ्या वर्णनावरून नवा बायॉस लिहून घेतला आणि नोव्हेंबर १९८२मध्ये आपला पोर्टेबल जाहीर केला. पुढे फिनिक्स कंपनीने असाच बायॉस विकायला काढला आणि क्लोनची, म्हणजे आयबीएमसारख्याच चालणाऱ्या पीसींची, रांग लागली. १९८७मध्ये आयबीएमने पीएस/२ मालिकेत मायक्रो चॅनल नावाचा नवा बस, म्हणजे कार्डं मशीनला जोडणारा मार्ग, आणला आणि तो वापरण्यासाठी परवाना शुल्क मागितलं. १९८८मध्ये नऊ स्पर्धकांनी मिळून ईसा हा वेगळा बस जाहीर केला. या सगळ्या काळात ज्या एमएस-डॉसवर हा ‘खुला पीसी’ चालत होता, त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, बंदच होता.

ॲपलचं उलटं. १९७७च्या ॲपल टूचं झाकण हाताने उघडायचं आणि आत आठ स्लॉट असायचे. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये १२८ केबी मेमरी बोर्डावर, स्लॉट एकही नाही, आणि पेटी उघडायला लांब दांड्याचा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर हवा. कंपनी तीच, मध्ये फक्त सात वर्षं. पुढे याच ॲपलने मॅकओएसच्या गाभ्याचा, म्हणजे डार्विनचा सोर्स जाहीर केला, जो विंडोजच्या गाभ्याबाबत मायक्रोसॉफ्टने केलेला नाही. आणि गूगलच्या सिस्टिमवर चालणारं क्रोमबुक? त्याचं फर्मवेअर कोअरबूट या मुक्त प्रकल्पावर उभं आहे, पण नेहमीच्या मोडमध्ये वापरणाऱ्याला सिस्टिमला हात लावता येत नाही.

म्हणून वादाला बसताना एक नियम करा: मॉडेल आणि थर यांचं नाव घेतल्याशिवाय कोणी वाक्य बोलायचं नाही. ‘मॅक बंदिस्त आहे’ हे चालणार नाही. ‘या मॅकबुक एअरची रॅम नंतर वाढवता येत नाही’ हे चालेल, कारण ते तपासता येतं.

आधी न हलणारी कामं लिहा

मशीन बघायच्या आधी कागदावर अशी कामं लिहा, जी एकाच प्लॅटफॉर्मवर होतात आणि ज्यांना पर्याय घेणं तुमच्या हातात नाही. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं; मॅकवर हवं असेल तर व्हर्च्युअल मशीन (मॅकच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) किंवा क्लाउडवरचं विंडोज घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च वेगळा. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर. ऑटोकॅड मॅकवर आहे, पण विंडोजच्या आवृत्तीतल्या सगळ्या सोयी तिथे नाहीत. आयफोनचं ॲप बनवायचं तर एक्सकोड लागतं आणि एक्सकोड मॅकशिवाय चालत नाही. फोटोशॉप, इनडिझाइन लिनक्सवर नाहीत.

ई-टेंडर किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल तर ते या यादीत सगळ्यात वर लिहा. टोकनचा ड्रायव्हर मॅक किंवा लिनक्ससाठी मिळाला म्हणून काम झालं असं होत नाही. पोर्टलचं सही करणारं छोटं सॉफ्टवेअर त्या सिस्टिमवर चालावं लागतं आणि ब्राउझरने त्याच्याशी बोलावं लागतं. या तिघांपैकी एक अडकला की शेवटच्या तारखेला सही होत नाही. खात्री एकाच मार्गाने होते: त्याच प्रकारच्या मशीनवर, त्याच पोर्टलवर, प्रत्यक्ष लॉगिन करून सही करून बघणं.

यादीत एकही न हलणारं काम नसेल तर तुम्हाला तिन्ही दारं मोकळी आहेत. असेल, तर निम्मा वाद इथेच संपतो.

हार्डवेअरचा थर: काय बदलता येतं

विंडोज लॅपटॉप चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा आणि उजवीकडे खाली दोन ओळी वाचा: ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’. फॉर्म फॅक्टरसमोर ‘एसओडिम’ असेल तर रॅम काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, ती जन्मभर तेवढीच. खोक्यावर ‘एलपीडीडीआर’ लिहिलेलं असेल तर जवळजवळ नेहमी हाच प्रकार असतो. काही मशीनवर ८ जीबी बोर्डावर आणि शेजारी एक मोकळा स्लॉट असतो. तिथे कमाल किती रॅम चालते ते कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या पानावरून घ्या, विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका.

एम मालिकेच्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये हा प्रश्नच उरत नाही. मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते. अमेरिकेत ॲपल मेमरीच्या वरच्या पायरीला बरीच वर्षं २०० डॉलर घेत आलं आहे, आणि ही पायरी खरेदीच्या दिवशीच चढावी लागते. तीन वर्षांनी लागेल म्हणून आज पैसे भरायचे, हा बंद थराचा खरा खर्च. मॅकची किंमत लिहिताना तुम्हाला शेवटी जेवढी मेमरी लागणार आहे तेवढ्याच मॉडेलची लिहा. सगळ्यात स्वस्त मॉडेलची लिहून तुलना केली तर ती खोटी ठरते.

डिस्कसाठी एम.२ स्लॉट आहे का, आणि किती लांबीचा, हे विचारा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. २२४२ आणि २२३० हे आखूड प्रकार. आखूड स्लॉटमध्ये लांब डिस्क बसत नाही, आणि एनव्हीएमई या वेगवान प्रकाराच्या जागी जुन्या साटा प्रकारची एम.२ डिस्क आणली तर ती बसूनही चालेलच असं नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळे ‘रॅम ती रॅम’ म्हणून आणलेली पट्टी परत करायला जावं लागतं.

दुरुस्तीचं मॅन्युअल जाहीर आहे का, हीसुद्धा खुलेपणाची चांगली खूण. लेनोव्होच्या थिंकपॅडचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल आणि डेलची सर्व्हिस मॅन्युअल कोणालाही उतरवून घेता येतात. त्यात कोणता स्क्रू कोणत्या क्रमाने काढायचा इथपर्यंत लिहिलेलं असतं. मॅकबुकच्या खालच्या पत्र्याला पाच पाकळ्यांचे पी५ पेंटालोब स्क्रू असतात; त्याचा ड्रायव्हर स्वस्त आहे, पण तो आधी आणून ठेवा, कारण टॉर्क्स घुसवून फिरवला की स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो निघतच नाही.

मशीन स्वतः उघडणार असाल तर पूर्ण बंद करा, चार्जर काढा, आणि फर्मवेअरमध्ये बॅटरी तोडायची सोय असेल तर ती वापरा. कागदावर लॅपटॉपच्या तळाचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. सगळे एका वाटीत टाकले की लांब स्क्रू आखूड भोकात जातो आणि की-बोर्डच्या बाजूला प्लॅस्टिकवर उंचवटा येतो. ही चूक पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीला आलेल्या मशीनवर लगेच ओळखू येते.

हार्डवेअर उघडं दिसलं तरी फर्मवेअर आडवं येऊ शकतं. जुन्या थिंकपॅडमध्ये कंपनीच्या यादीबाहेरचं वाय-फाय कार्ड लावलं की १८०२ नंबरचा एरर येऊन मशीन तिथेच थांबायचं. स्लॉट उघडा, वरचा थर बंद. जुनं मशीन घेऊन कार्ड बदलायचा बेत असेल तर त्या मॉडेलचं हे आधी बघा.

बूटचा थर: दुसरी सिस्टिम चालते का

तुम्ही आज विंडोजच वापरणार असलात तरी ही चाचणी करा. उद्या विंडोजची मदत, म्हणजे सुरक्षेच्या अपडेटची सोय, थांबली तर मशीन कचऱ्यात जाणार की चालणार, ते इथे ठरतं. ही भीती काल्पनिक नाही: १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मदत संपली, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. त्याआधीची, अगदी धडधाकट मशीनं एका दिवसात मागे पडली. त्यातली बहुतेक लिनक्सवर आजही व्यवस्थित चालतात, कारण त्यांचा बूटचा थर मोकळा होता.

लागतं काय: १६ जीबीचा पेन ड्राइव्ह, मिंट, उबंटू किंवा फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम असलेली फाइल), आणि ती पेन ड्राइव्हवर लिहायला रूफस किंवा व्हेंटॉय हा प्रोग्रॅम. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

बूट करायच्या आधी एक काम विसरू नका. नव्या विंडोज ११ मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन बहुधा आपोआप सुरू होतं. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी फर्मवेअरमधली सोय, तिचं सेटिंग हलवलं की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या डिव्हाइसेसच्या पानावर असते. ती कागदावर उतरवून घेतल्याशिवाय फर्मवेअरला हात लावू नका. ही रिकव्हरी की नसेल तर डिस्कवरची माहिती परत मिळत नाही, कोणताही दुकानदार ती काढून देऊ शकत नाही.

मग मशीन बंद करून चालू करताना बूट मेनूची की दाबत राहा: डेल, एसर आणि बऱ्याच लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, एसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. पेन ड्राइव्ह निवडा आणि ‘ट्राय’ म्हणजे इन्स्टॉल न करता वापरून बघायचा पर्याय घ्या. डिस्कला धक्का लागत नाही.

पेन ड्राइव्ह यादीत दिसूनही सुरू होत नसेल तर बहुधा सिक्युअर बूट अडवत असतो. लिनक्सचा सुरुवातीचा भाग मायक्रोसॉफ्टच्या ‘थर्ड पार्टी’ प्रमाणपत्राने सही केलेला असतो, आणि काही नव्या मशीनवर ते प्रमाणपत्र मुळात बंद करून पाठवतात. फर्मवेअरच्या सिक्युरिटी भागात ‘अलाउ मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी यूईएफआय सीए’ अशी ओळ असते, ती चालू करा. सिक्युअर बूट पूर्ण बंद करायची गरज पडत नाही. ही ओळच नसेल आणि सिक्युअर बूट बंदही होत नसेल, तर त्या मशीनचा हा थर बंद आहे असं स्पष्ट लिहा.

लाइव्ह सिस्टिम उघडली की या क्रमाने बघा: वाय-फाय जोडून एक व्हिडिओ, स्पीकर, माइक, कॅमेरा, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या की, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, एचडीएमआयवर दुसरा पडदा. शेवटी झाकण बंद करून दहा मिनिटं ठेवा आणि उघडा. झोपेतून जागं होणं हे लिनक्सवर सगळ्यात जास्त बिघडणारं काम. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनी गाढ झोपेची एस३ अवस्था नसते, त्यामुळे बॅगेत मशीन गरम होणं आणि बॅटरी उतरणं ही तक्रार येते. ती विंडोजवरही येते. इंटेलचं वाय-फाय कार्ड सहसा त्रास देत नाही, रियलटेक आणि ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर चालेलच असं धरू नका.

इन्स्टॉल करताना काही इंटेल मशीनवर डिस्कच दिसत नाही, कारण ती फर्मवेअरमध्ये आरएसटी या इंटेलच्या खास पद्धतीने जोडलेली असते. ती बदलून एएचसीआय ही सर्वसाधारण पद्धत करायची असते. पण विंडोज ठेवणार असाल तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये बूट होईल असं लावा, मग फर्मवेअरमध्ये बदल करा. उलट्या क्रमाने केलं तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं.

एम मालिकेच्या मॅकवर ही पेन ड्राइव्हची चाचणी होत नाही. ॲपलने बूटच्या सुरक्षेच्या पायऱ्या ठेवल्या आहेत आणि मालकाला त्या खाली आणता येतात, म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण आतल्या भागांची कागदपत्रं जाहीर नाहीत, त्यामुळे या मॅकवर लिनक्स आणणाऱ्या ‘असाही लिनक्स’ नावाच्या प्रकल्पाच्या लोकांना प्रत्येक चिपचं वागणं तपासून ड्रायव्हर लिहावे लागले. एम१ आणि एम२वर त्यांचं काम चांगलं चालतं, तरी टच आयडी (बोटाचा ठसा) चालत नाही. नव्या चिपसाठी त्यांच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का ते खरेदीच्या दिवशीच बघा. इंटेल मॅकवर बूट कॅम्पने विंडोज घालता येत होतं. एम मालिकेवर बूट कॅम्प नाही. आणि इंटेल मॅक आज सेकंडहँड घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, मॅकओएस टाहोच्या पुढची आवृत्ती कोणत्याच इंटेल मॅकला नाही.

परवाना, खातं आणि ॲप्स

विंडोज ११ नव्याने लावताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. मॅक ॲपलच्या खात्याशिवाय सुरू करता येतो. लिनक्सला कोणतंच खातं लागत नाही. इथे ‘खुल्या’ विंडोजपेक्षा ‘बंदिस्त’ मॅक एक पाऊल मोकळा आहे.

विंडोजचा परवाना कोणता, हे कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएलएमजीआर’, स्पेस, तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ असं रोमन अक्षरांत टाइप करून कळतं. उत्तरात ओईएम आलं तर परवाना त्याच मदरबोर्डला बांधलेला, रिटेल आलं तर दुसऱ्या मशीनवर नेता येतो. सेकंडहँड मशीनवर ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ दिसलं तर सावध व्हा. तो परवाना एखाद्या संस्थेच्या सर्व्हरवर टेकलेला असतो आणि दर १८० दिवसांच्या आत नवा करावा लागतो; तुमच्या घरी तो सर्व्हर नाही. फ्रीडॉसवाला लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण त्यात विंडोज नाही. ते विकत घेणार असाल तर त्याचे पैसे किमतीत धरा.

ॲप्सच्या थराला थोडक्यात: मॅकवर ॲप स्टोअरबाहेरचं, ॲपलकडून न तपासलेलं ॲप उघडायला सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन ‘ओपन एनीवे’ करावं लागतं. म्हणजे दार आहे, पण वळसा घालून. विंडोज ‘एस मोड’मध्ये आलं असेल तर फक्त स्टोअरची ॲप्स चालतात, त्यातून मोफत बाहेर पडता येतं, परत आत जाता येत नाही. स्नॅपड्रॅगन या एआरएम जातीच्या प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपवर जुनी ॲप्स भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर मात्र चालत नाहीत. घरात दहा वर्षांपूर्वीचा प्रिंटर किंवा स्कॅनर असेल तर त्याचा एआरएम ड्रायव्हर आहे का ते आधी शोधा.

फायलींचा थर: मराठी माणसाने इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा

मशीन पाच-सात वर्षांत बदलतं. मजकूर वीस वर्षं लागतो. मराठी छपाईच्या धंद्याने बंद फायलींची किंमत मोजली आहे, आणि तो धडा कोणत्याही प्लॅटफॉर्मच्या वादात सगळ्यात आधी मांडावा असा आहे.

युनिकोड रुळायच्या आधी श्री-लिपी, कृतिदेव, आकृती, आयएसएम अशा फॉन्टांत काम व्हायचं. फाइलमध्ये मराठी अक्षरं नसायचीच. रोमन अक्षरांचे नंबर असायचे आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवायचा. प्रत्येक फॉन्टाची वाटणी वेगळी. फॉन्ट गेला, डाँगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी कुलूप-पट्टी) बिघडला किंवा पानं लावायचं जुनं पेजमेकर नव्या मशीनवर चालेनासं झालं की दिवाळी अंकाचं सगळं जुनं साहित्य निरर्थक चिन्हांचा ढीग होतं. हार्डवेअर खुलं होतं, कोणत्याही गल्लीत दुरुस्त होत होतं. तरी मजकूर अडकला, कारण कुलूप सगळ्यात वरच्या थराला होतं.

तुमच्या फायली कशा आहेत ते एका मिनिटात कळतं. एक परिच्छेद कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. देवनागरीच राहिला तर युनिकोड, तुम्ही मोकळे. रोमन चिन्हं दिसली तर फॉन्टाला बांधलेले आहात. अशा फायली जुनं मशीन चालू आहे तोवर बाहेर काढा: आधी पीडीएफ, म्हणजे निदान दिसण्यापुरतं जपलं जाईल, मग कन्व्हर्टरने युनिकोड. कन्व्हर्टर कोणत्या फॉन्टासाठी आहे ते नावानिशी जुळवा, श्री-लिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर नुसता गोंधळ होतो.

रूपांतर झाल्यावर मुद्रितशोधन करावंच लागतं, आणि ते कुठे करायचं हे ठरलेलं आहे. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो. पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मधे शिरते. आणि सगळ्यात जास्त मोडतो तो अर्धचंद्री र: ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘पायऱ्या’. हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत. दुसरा, साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकाने दुसरा सापडत नाही. आठशे पानांच्या हस्तलिखितात ‘दुसऱ्या’ शोधून निम्मेच हाती लागले तर कारण हेच. सगळं एका प्रकारात आणा. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ्य’ असा येतो: शिफ्ट धरून रोमन जेची की, मग डीची, मग तिरक्या रेघेची. इनस्क्रिप्ट विंडोज, मॅक आणि लिनक्स तिघांवर मिळतो आणि कळांच्या जागा त्याच राहतात, त्यामुळे बोटांची सवयही कोणा एका कंपनीला बांधली जात नाही.

बाकी फायलींसाठी साधी कसोटी: तुमच्या रोजच्या प्रोग्रॅममधून एक खरी फाइल ओडीएफ, डॉकएक्स किंवा पीडीएफमध्ये काढा आणि दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर उघडून बघा. तक्ते, तळटिपा आणि पानांचे नंबर टिकले का? टॅलीतून एक्सेलमध्ये, फोटोच्या लायब्ररीतून मूळ फायली तारखेसकट, नोट्सच्या ॲपमधून साध्या मजकुरात असंच काढून बघा. जे बाहेर निघत नाही ते तुमचं नाही, असं समजून किंमत लावा.

मोल: महिन्याचा हिशेब

सूत्र सोपं आहे: खरेदी अधिक नंतर घातलेले पैसे, वजा विकताना मिळणारे, भागिले वापराचे महिने. आकडे तुमच्या बाजारातले घ्या. खालचे फक्त रीत दाखवायला धरले आहेत.

समजा विंडोज लॅपटॉप ६०,००० रुपयांना घेतला, मध्ये रॅम आणि बॅटरीवर १२,००० घातले, पाच वर्षांनी १०,०००ला गेला. खर्च ६२,०००, भागिले ६०, म्हणजे महिना १,०३३. मॅकबुक १,००,०००ला, बॅटरी १०,०००, सहा वर्षांनी ३०,०००ला गेला. खर्च ८०,०००, भागिले ७२, महिना १,१११. किमतीत ४०,०००चं अंतर, महिन्याला ७८ रुपयांचं. तोच मॅक चार वर्षांत ४०,०००ला विकला, बॅटरी बदलावी लागली नाही, तर महिना १,२५०. सेकंडहँड थिंकपॅड २५,०००, सुटे भाग १०,०००, चार वर्षांनी ५,०००: महिना ६२५.

या हिशेबात सगळ्यात जास्त फरक ‘किती वर्षं’ या आकड्याने पडतो, आणि तो आकडा अंदाजाने घालायचा नसतो. सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत ते बघा. उबंटूच्या एलटीएस म्हणजे दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं, आणि उबंटू प्रो घेतलं, जे घरच्या पाच मशीनपर्यंत मोफत आहे, तर आणखी पाच. २०२१पासूनच्या क्रोमबुकांना दहा वर्षं, मात्र ती प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलापासून नाही. ॲपल तारीख आधी जाहीर करत नाही, पण एखादं मॉडेल विकणं थांबवून पाच वर्षं झाली की ते ‘व्हिंटेज’ आणि सात झाली की ‘ऑब्सोलीट’ यादीत जातं, आणि सुटे भाग मिळणं अवघड होतं.

लिनक्स फुकट म्हणणाऱ्यांनी आपले तास धरावेत, आणि मॅक-विंडोजवाल्यांनी दर महिन्याची वर्गणी धरावी: क्लाउडची जागा, ऑफिस, व्हर्च्युअल मशीन. जीएसटी भरणाऱ्या धंद्याला लॅपटॉपवरचा १८ टक्के कर परत धरता येत असेल तर तिन्ही पर्यायांतून तो सारखाच वजा करा.

सेकंडहँड घेताना जास्तीच्या चार तपासण्या

कंपन्यांनी काढलेली मशीनं चांगली असतात, पण मालकी सुटलेली नसेल तर ती तुमची होत नाहीत. विक्रेत्यासमोर मशीन पूर्ण रीसेट करा आणि पहिल्या सेटअपमध्ये वाय-फाय जोडा. विंडोजवर एखाद्या कंपनीचं नाव आणि तिचा लॉगिन आला, किंवा मॅकवर ‘रिमोट मॅनेजमेंट’ आलं, तर मशीन अजून त्या कंपनीच्या यादीत आहे. नेट न जोडता दाखवलेला सेटअप मोजू नका, कारण ही नोंद नेटवरच तपासली जाते. मॅकवर जुन्या मालकाचा ॲक्टिव्हेशन लॉक निघालेला हवा. फर्मवेअरमध्ये जाऊन सुपरवायझर पासवर्ड मागतो का बघा. मागितला तर वर सांगितलेला बूटचा अख्खा थर तुम्हाला बंद आहे.

बॅटरी: विंडोजवर ‘पॉवरसीएफजी’, स्पेस, तिरकी रेघ, ‘बॅटरीरिपोर्ट’ ही कमांड एक फाइल बनवते. त्यातली डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी बघा. दुसरी पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून तिथेच कमी करून घ्या. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पॉवरखाली सायकल काउंट, म्हणजे पूर्ण चार्ज वापरून झाल्याच्या फेऱ्यांचा आकडा, असतो. मॅकबुकसाठी ॲपल १,००० सायकलची मर्यादा सांगतं.

पैसे देताना

बिलावर मार्केटिंगचं नाव पुरत नाही, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. एकाच नावाखाली रॅम सोल्डर केलेली आणि न केलेली अशी दोन मशीनं विकली जातात, आणि फरक त्या नंबरच्या शेवटच्या अक्षरांतच असतो. विक्रेता ‘रॅम वाढते’ म्हणाला असेल तर तेही बिलावर लिहायला सांगा. माल बदलून मिळायची मुदत विचारा, आणि पेन ड्राइव्हची चाचणी, डिजिटल सही, प्रिंटर आणि झोपेतून जागं होणं या चार गोष्टी पहिल्या दोन दिवसांतच उरका. खोकं आणि आतले साचे मुदत संपेपर्यंत फेकू नका. राइट टू रिपेअरचं जे सरकारी पोर्टल केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने काढलं आहे, त्यावर कंपनीनिहाय सेवा केंद्रांची आणि वॉरंटीची माहिती एकत्र आहे. तुमच्या गावापासून जवळचं केंद्र किती लांब आहे ते मशीन घरी नेण्याच्या आधी तिथे बघून घ्या.